सगळीकडे सारखा आवाज

रस्ता न खोदता जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय ते सांगणं, हे त्याचं काम. पाणीखात्यात सगळे त्याला कानवाले म्हणत. हे नाव इतकं चिकटलं होतं की हजेरीला कुणी खरं नाव पुकारलं, तर तो जागचा हलत नसे. शेजारचा कोपर मारी, मग "हजर" म्हणे.

हत्यार एकच. छातीला लागेल एवढी लोखंडी कांब, खाली बोथट टोक, वर लाकडी वाटी. टोक नळाच्या झडपेवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची, श्वास धरायचा. धड नळ गप्प असतो. फुटका नळ बोलतो. भोक बारीक असेल तर शीळ घालतो, जरा मोठं असेल तर फुसफुसतो. आणि भोक खूपच मोठं असेल तर आवाज उलट कमी होतो, कारण पाण्याला बाहेर पडायला जोर लावावाच लागत नाही. हे नवख्यांना पटत नाही. ते मोठ्या आवाजामागे मोठं भोक शोधत फिरतात.

कांब त्याच्या वडिलांची. वडिलांना घरीदारी सगळे आबा म्हणत. तेही याच कामात होते. त्यांनी मुलाला शिकवलं ते एवढंच : "दोन जागी ऐक. जिथे आवाज मोठा, तिकडे सरक. पुन्हा दोन जागी ऐक. असं सरकत सरकत भोकापाशी पोचशील. आणि सगळीकडे सारखा आवाज आला, तर कांब खांद्यावर टाक आणि घरी जा. तो आवाज जमिनीचा नाही."

"मग कुणाचा?" त्याने एकदा विचारलं होतं.

"जमिनीचा नाही, एवढं तुला पुरे," आबा म्हणाले होते.

हा नियम कडक होता, कारण खड्डा ही गंमत नाही. वरच्या डांबराला पहार लागते, खालच्या खडीला टिकाव, त्याखालच्या चिकट मातीला फावडं. माती वर फेकताना कंबर जाते आणि खाली उतरताना गुडघे. खड्ड्यात पाणी निघालं तर माणूस हे सगळं विसरतो. कोरडा निघाला तर प्रत्येक हाड आठवणीने दुखतं. बुजवताना तर दुप्पट दुखतं, कारण तेव्हा माती तीच असते पण मनात राग असतो. कानवाल्याच्या कानाची चूक चार जणांच्या पाठी फेडतात. म्हणून तो दहादा ऐकून मग खडूने फुली मारी. त्याची फुली म्हणजे पाणी, असं खोदणारी पोरं डोळे मिटून धरून चालत.

चहाच्या वेळी मात्र तो मोकळा होई. जमिनीखाली इतकी वर्षं काढल्यावर माणसाकडे गोष्टी साठतातच. मुकादम त्याच्याच वयाचा, पोट सुटलेला, चहा बशीत ओतून पिणारा. तो रोज विचारी, "बोला कानवाले, आज कोणती पुडी सोडताय?"

"जुन्या वस्तीत लाकडाचे नळ होते, माहितेय? झाडाचं अख्खं खोड आरपार पोखरायचं आणि एकात एक ठोकून बसवायचं. मी एक हातात धरलाय. वरून कोळसा झालेला, आतून अजून ओला."

"आणि काल झाडाची काय थाप मारत होतात?"

"थाप नाही. मूळ नळात शिरताना केसाएवढं बारीक असतं. आत गेल्यावर केरसुणीएवढं होतं. कुणी म्हणतं झाडाला ओल कळते, कुणी म्हणतं पाण्याचा आवाजही कळतो. मटाराच्या रोपांवर तसा प्रयोगसुद्धा झालाय."

"मटाराला कान!" मुकादमाने बशी खाली ठेवली. "घरी आमचं कुणी ऐकत नाही आणि मटार ऐकतो."

"तुम्ही आपल्या कानांत बोटं घाला. घट्ट. काय येतं ऐकू?"

मुकादमाने बोटं घातली. "गडगड. लांब कुठेतरी ढग."

"तो तुमच्या हातांतल्या स्नायूंचा आवाज. मूठ आवळा, वाढेल. माणूस आतून कधीच गप्प नसतो. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

मुकादम बराच वेळ तसाच बसला, कानांत बोटं, समोर चहा निवतोय. मग म्हणाला, "म्हणजे मी आतून गिरणीच आहे म्हणा."

"गिरणीच. बंद पडली की कळेल."

सगळे हसले. तोही हसला. हे त्याला पुढे फार आठवलं.

सुरुवात झाली ती बेकरीसमोरच्या झडपेवर. गाड्या सुरू व्हायच्या आधी, उजाडता उजाडता तो कांब टेकवून उभा होता. आवाज आला. शीळ नव्हती, फुसफुस नव्हती. सूं... थांबायचा. सूं... थांबायचा. दाराआड कुणीतरी धावत येऊन उभं राहावं आणि दम खावा, तसा.

असला आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला वाटलं, कुठेतरी पंप चालू असेल. पुढच्या झडपेवर गेला. सूं... सूं... तेवढाच. शाळेच्या कोपऱ्यावर गेला. तेवढाच. दगडी पुलापाशी, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला गेला. तेवढाच, त्याच चालीत.

आबांचा नियम त्याला आठवला नाही असं नाही. आठवला. पण त्याने त्यातून पळवाट काढली. मनात म्हणाला, मोठी लाइनच लांबीभर चिरली असेल, म्हणून सगळीकडे सारखं येतंय. एवढी मोठी गळती कुणाच्या कानावर आली नसेल. आपल्या आलीय. वीस जणांना जे ऐकू येत नाही ते आपल्याला येतं, हे ज्याला आयुष्यभर सांगितलं गेलंय, तोच असं म्हणू शकतो. त्याने बेकरीसमोर फुली मारली.

खड्डा खोल गेला. नळ उघडा पडला. नळ धड होता. खालच्या मातीला बोट लावलं तर बोटावर धूळ आली.

"नळ लाजून आटला वाटतं," मुकादम म्हणाला. पोरं हसली. पहिल्यांदा हसतातच.

दुसरी फुली त्याने शिंप्याच्या दुकानासमोर मारली. तिथे रस्ता दोनदा डांबरलेला होता. पहारीने ठिणग्या उडाल्या, एकाच्या तळहाताची साल निघाली. तोही कोरडा. या वेळी कुणी हसलं नाही. बुजवताना ज्याची साल निघाली होती तो फावडं इतकं जोरात आपटत होता, की ते कुणासाठी होतं हे विचारायची गरज नव्हती.

मुकादमाने त्याला बाजूला घेतलं. "घरी सगळं ठीक?"

"ठीक."

"झोप?"

"लागते."

"कानवाले, मी आबांच्या हाताखाली काम केलंय. त्यांचं शेवटी शेवटी जे..."

"आबांचं नाव काढू नका."

"नाही काढत." मुकादमाने रस्त्याकडे बघितलं. "पण तिसरा कोरडा निघाला, तर साहेब कांब जमा करायला सांगतील. तुम्हाला फाटकावर बसवतील. मी नाही म्हणणार तसं. ते म्हणतील. आणि पोरं आता तुमच्या फुलीवर पहार मारायची नाहीत. त्यांचंही बरोबर आहे."

फाटकाचं त्याला एवढं भय नव्हतं. भय होतं ते मुकादमाने अर्ध्यात सोडलेल्या वाक्याचं.

आबांचं शेवटी शेवटी असं झालं होतं. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहत, चौकटीच्या कडेला डोकं टेकून, डोळे मिटून. तासन् तास. तीच चौकट, तीच उंची. कुणी विचारलं तर म्हणत, "पाणी वाहतंय." कुठे? ते हात नुसता हवेत फिरवत. कधी म्हणत, "इथे बरं असतं." पण त्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. जन्मभर ज्याने कान टेकून पाणी शोधलं, तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला, तर बघणाऱ्याला एकच वाटणार. त्यालाही तेच वाटलं. त्याने भिंतीला कांब लावून ऐकलं. भिंत गप्प होती. तरी म्हाताऱ्याच्या जिवाला समाधान म्हणून गवंडी बोलावला, लाकडी चौकट उपटली, भिंत फोडली. आत कोरड्या विटा निघाल्या आणि एक मेलेला कोळी. मग भिंत बांधून घेतली, नवी लोखंडी चौकट बसवली. पातळ, गुळगुळीत.

आबांनी नव्या चौकटीवरून हात फिरवला. डोकं टेकवून पाहिलं, काढलं, पुन्हा टेकवलं. त्यानंतर ते घरभर फिरू लागले. कपाटाच्या कोपऱ्याला डोकं लाव, खाटेच्या खुराला लाव, धुण्याच्या दगडाला लाव. लोक म्हणत, म्हातारा पाणी शोधतोय. त्यांचा एक डोळा लालभडक झाला होता. आठवडाही झाला नाही, परसात टाकीपाशी पडलेले सापडले. टाकी रिकामी होती.

गल्लीत बोलणं झालं ते झालंच. त्या घरातल्या पुरुषांना जायच्या आधी पाणी ऐकू येतं म्हणे. पाणी बोलावतं.

आता त्याला ते ऐकू येत होतं. आणि ते एवढ्यात घरात आलं होतं.

आधी उशीत आलं. मग चहाच्या कपात. कोपरं टेबलावर टेकून त्याने कप ओठांना लावला, की कपाच्या तळाशी सूं... सूं... कान वाजणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. खात्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे कान वाजतात. ते रातकिड्यासारखं एकसुरी असतं. हे वाजत नव्हतं. हे वाहत होतं. जिना चढला की घाईने वाही, बसला की सावकाश. जणू त्याच्या पावलाला पाऊल लावून कुणी चालतंय, आणि तो थांबला की तेही थांबून दम खातंय.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. ऊन खिडकीतून जमिनीवर पडलं होतं, बाहेर पोरं खेळत होती. भिण्यासारखं काहीच नव्हतं. त्याने कांब काढली आणि आपल्याच घरात गळती शोधायला लागला. खाटेच्या पायाला टोक लावलं. सूं. कपाटाला लावलं. सूं. लोखंडी चौकटीला, भिंतीला, जमिनीला. सूं, सूं, सूं. तो घामाघूम झाला. कांब उचलून मधल्या खोलीत उभा राहिला, पुढे कुठे लावावी याचा विचार करत. वाटी कानालाच होती.

सूं... सूं...

त्याने खाली पाहिलं. कांबीचं टोक कशालाच टेकलेलं नव्हतं. हवेत होतं.

त्याने कांब हळू, अगदी हळू, आवाज न करता जमिनीवर ठेवली. निजलेल्याजवळ ठेवतात तशी. मग परसातून पहार आणली.

बायको बाजारातून परतली, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर पहार उगारून उभा होता. तिने पिशवी खाली टाकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

ती कापडाच्या गिरणीत मागावर होती. मागांच्या धडधडाटात तिचे कान लवकरच गेले. मोठ्याने बोललं तर चार शब्द कळत, बाकी सगळं ती ओठांवरून वाचत असे. गिरणीतल्या सगळ्याच बायका वाचतात. एवढ्या आवाजात दुसरं करणार काय! त्यामुळे या घरात पुटपुटण्याची सोय नव्हती. तिच्याशी मनातल्या मनात भांडायचं, तरी त्याला तोंड फिरवावं लागे.

"बाजूला हो!" तो ओरडला.

"ओरडू नका. ओरडलात की ओठ वाकडे होतात, मला कळत नाही."

"बाजूला हो," तो सावकाश म्हणाला. "भिंतीत पाणी आहे."

"आबाही हेच म्हणायचे."

"म्हणूनच."

"तेव्हा फोडली ना? काय निघालं? मेलेला कोळी. आता काय त्याच्या नातवंडांना भेटायचंय?"

त्याने पहार मुठीत नीट धरली, पण उगारलेली खाली आणली नाही. तिने ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"किती दिवस झाले? खोटं बोलू नका. तुमचे ओठ झोपेतही सूं सूं करतात. मी बघते."

"बरेच."

"कुठे कुठे येतो?"

"सगळीकडे."

"सारखा?"

त्याने तोंड फिरवलं.

"मी काय विचारते? सारखा?"

"सारखा."

"सगळीकडे सारखा आला तर काय करायचं म्हणायचे आबा?"

"घरी जायचं," तो म्हणाला.

"घरीच आहात. आता पहार खाली ठेवा."

त्याने ठेवली. मग तिने जे केलं ते गिरणीतलं होतं. शेकडो माग एकदम चालतात, तिथे कानाचा काही उपयोग नसतो. कुठला भाग सैल झालाय हे शोधायचं तर मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवायचा आणि जागा बदलत जायचं. जिथे बिघाड असतो तिथे हाताला खाज सुटल्यासारखं होतं. तिने भिंतीवर तळहात ठेवला. थांबली.

"गप्प आहे."

नळावर ठेवला. "गप्प." चौकटीवर, कपाटावर, खाटेच्या पायावर. घाई न करता, प्रत्येक जागी सारखाच वेळ. जमिनीवरची कांब उचलून मुठीत धरली. "हीसुद्धा गप्प."

मग त्याच्याकडे वळली. "राहिलात तुम्ही. बसा."

"मी काय माग आहे?"

"माग बरा. तो उलट बोलत नाही. बसा."

तो स्टुलावर बसला. तिने छातीवर हात ठेवला. "हे चालायलाच हवं." मानेवर ठेवला, खांद्यावर, कपाळावर. मग डाव्या कानामागे, जिथे हाड जरा उंच असतं आणि त्याच्या मागे खळगा. तिथे हात थांबला.

त्याने मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बघायला नको होतं असं त्याला वाटलं.

"इथे," ती म्हणाली.

"काय इथे?"

"इथे वाहतंय. कातडीखाली. मांजराच्या गळ्याला हात लावल्यासारखं गुरगुरतंय."

आणि सैल भाग दाबून बघतात तसं तिने तिथे अंगठ्याने जोरात दाबलं.

आवाज थांबला.

कुणी झडप फिरवावी तसा थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला नळाचा थेंब ऐकू आला. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, तेही ऐकू आलं. त्याचा स्वतःचा श्वास ऐकू आला. तिने अंगठा काढला. सूं... सूं... पुन्हा दाबला. गप्प.

ऊन तसंच पडलं होतं. दोघंही त्या उन्हात हलले नाहीत. भिंतीत काही असतं तर ती फोडता आली असती. घर सोडून जाता आलं असतं.

"दाबून धर," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ."

तिने दाबून धरलं. हात अवघडला तेव्हा बदलला. आणि मग एकाएकी तिचा हात सैल पडला.

"अहो, आबा."

"काय आबा?"

"मी नवी होते तेव्हा या घरात. ते तिथे उभे असायचे आणि मी चुलीपाशी. त्यांचे ओठ हलायचे. रोज तेच. 'आता बरंय. आता बरंय.' मला वाटायचं पाण्याशी बोलतात, मी भीतीने तिकडे बघायचीच नाही." तिने स्वतःचा अंगठा पाहिला. "चौकटीची कड. ते डोकं टेकत नव्हते हो, दाबत होते. ते ऐकत नव्हते. ऐकू येऊ नये म्हणून उभे राहायचे तिथे."

त्याला नवी लोखंडी चौकट आठवली. पातळ, गुळगुळीत. तिच्यावरून फिरणारा म्हाताऱ्याचा हात आठवला. दाबायला जागा शोधत घरभर हिंडणारा माणूस आठवला. घरातल्या सगळ्यांनी त्याला समजूतदारपणे वाट करून दिली होती. पाणी शोधू दे म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. कानाच्या डॉक्टर मध्यम वयाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, छातीला लावायची नळी कानामागे टेकवली आणि डोळे मिटून श्वास धरला. अगदी झडपेवर उभं राहिल्यासारखं. ते पाहून त्याला त्या बाईंबद्दल एकदम भरवसा वाटला.

"मलाही ऐकू येतोय," त्या म्हणाल्या.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बायकोने रुमाल पुढे केला तो त्याने घेतला नाही, पण परतही दिला नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ज्यांचे कान वाजतात त्यांतल्या बहुतेकांचा आवाज फक्त त्यांनाच ऐकू येतो. फार थोड्यांचा आवाज खराच अंगात असतो आणि नळी लावली तर दुसऱ्यालाही ऐकू येतो. मग त्यांनी त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे यंत्रावर डोक्याच्या आतली चित्रं काढली, आणि चित्रं पाहून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की कवटीच्या आतल्या बाजूला एक धमनी वाट सोडून थेट शिरेत उघडलीय.

"म्हणजे मोठ्या लाइनीचं पाणी थेट घरच्या नळात सोडलंय," तो म्हणाला.

"तसंच."

"घरचा नळ टिकायचा नाही."

"म्हणून उशीर करायचा नाही. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी आत घालतो, तिथपर्यंत नेतो आणि आतून ते तोंड एका प्रकारच्या गोंदाने बुजवतो. धोका आहे. काही न करण्यात जास्त आहे."

"रस्ता खोदायचा नाही?"

"नाही."

"मग तुम्ही आमच्या खात्यात यायला पाहिजे होतं." बोलला, पण त्याचे ओठ कोरडे पडले होते, ते बायकोला दिसले. जाता जाता त्याने आबांचं विचारलं. लाल डोळा, आवाज, टाकीपाशी पडणं.

"ज्यांना तपासलं नाही त्यांच्याबद्दल मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "असू शकतं."

नळी घालायच्या आदल्या संध्याकाळी बायको त्याच्या खाटेशी बसली होती, अंगठा कानामागे. "सोड आता," तो म्हणाला, "हात मोडेल." तिने ओठ वाचले आणि न वाचल्यासारखं केलं.

जाग आली तेव्हा वर पांढरं छत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं. आपण गेलो, असं त्याने धरून टाकलं. मग कुणाची तरी चप्पल वाजली. बायको वाकून बघत होती.

"काही बोल," तो म्हणाला. "फार शांत आहे. भीती वाटते."

"आता कळलं माझं कसं असतं?" ती म्हणाली, आणि तोंड पदराने झाकून घेतलं, म्हणजे त्याला ओठ दिसू नयेत. त्याला ओठ वाचता येत नाहीत हे ती विसरली होती.

कामावर परतला तेव्हा मुकादमाने रजेपुरती खात्यात जमा असलेली कांब स्वतः आणून हातात दिली. बेकरीसमोरची झडप गप्प होती. पुलापाशी मात्र बारीक शीळ होती. दोन जागी ऐकलं. सरकला, पुन्हा दोन जागी ऐकलं. फुली मारली. ज्याची साल निघाली होती त्याने पहिला घाव घातला. मोजून मापून, अजून विश्वास नसल्यासारखा. गुडघाभर खाली गेल्यावर माती काळी लागली, मग चिखल, मग पाणी. तो पोरगा ओल्या चपलांनी वर आला आणि म्हणाला, "चहा तुमच्याकडून, कानवाले." एवढंच. पण तेवढ्याने पाठीवरचं मोठं ओझं उतरलं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी त्याने परसातली अडगळ उपसली. आबांची लाकडी चौकट जळणाखाली फळीसारखी घातलेली होती. त्याने ती ओढून काढली, पुसली, भिंतीला उभी केली. एका कडेला तेलकट काळा डाग होता. बोट फिरवलं तर डागाच्या जागी लाकूड दबून खळगी झाली होती. पिकलेल्या लाकडात डोक्याने खळगी पडायला किती जोर लागतो आणि किती काळ, हे हाताने काम केलेल्या माणसालाच कळेल. तो कडेशी उभा राहिला. आबा जरा बुटके होते. त्याने गुडघे वाकवले. लाकूड कानामागे नेमकं त्याच जागी बसलं.

बायको दारात आली आणि तिथेच खिळली. पाठमोरे ते आबाच होते. तीच मान, तोच वाक. तिने हाक मारली नाही. हाक मारली आणि दुसऱ्याच कुणी वळून बघितलं तर?

तो वळला. "लोखंडी काढू आणि ही बसवू," म्हणाला. "दोघांनी होईल."

दोघांनी झालं, पण सोपं गेलं नाही. लोखंडी चौकट चुन्यात घट्ट बसली होती. छिन्नीने कड सोडवायची, पहार घालायची, तिने धरायचं, त्याने उचलायचं. संध्याकाळपर्यंत दोघांच्या हाताला फोड आले. कुणी विचारलं तर तो सांगतो, लोखंड गंजलं होतं.

आता ती स्वयंपाकघरात जाता येता चौकटीच्या त्या खळगीवर तळहात ठेवते. सवयच लागलीय. तो बाहेरून मोठ्याने विचारतो, "काय म्हणतंय?"

"गप्प आहे."

मग ती बाहेर येते आणि तोच हात त्याच्या कानामागे ठेवते. तिथे ती लाकडापेक्षा जरा जास्त वेळ थांबते. तेवढा वेळ तो श्वास धरून बसतो.